सहा रात्रींत चार पार्क? ताई, आधी त्या एजंटला थांबवा

पत्र (जरा छोटं करून देतेय): "नमस्कार. आम्ही नाशिकचे. मी, मिस्टर, नववीत जाणारा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. ताडोबा दोनदा झालंय, पेंच एकदा, आता मुलाने आफ्रिकेचा हट्ट धरलाय. एका एजंटने केनियाचं ६ रात्री ७ दिवसांचं पॅकेज दिलंय, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मसाई मारा, ऑगस्टमध्ये, 'बिग फाइव्ह दाखवतोच' म्हणतोय. खर्चाचा आकडा ऐकून पोटात गोळा आलाय. एवढे पैसे घालून काही दिसलंच नाही तर? सासूबाईंना झेपेल का, त्यांचे गुडघे दुखतात. रात्री तंबूत झोपायचं म्हणजे सिंहबिंह येत नाही ना? आणि बॅगेत काय काय भरायचं? — बजेट बघून घाबरलेली"

ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मला माझीच पहिली ट्रिप आठवली, कारण मी अगदी हेच पॅकेज घेतलं होतं, हीच चार नावं, ह्याच सहा रात्री, फक्त महिना सप्टेंबर. आणि काय झालं सांगू का, आम्ही आठ जण एका व्हॅनमध्ये, रोज सकाळी बॅगा बांधा, पाच-सहा तास गाडीत बसा, संध्याकाळी लॉजवर पोचा, घाईघाईत एक चक्कर, जेवा, झोपा, की परत बॅगा बांधा. अंबोसेलीला किलिमांजारो दिसतो म्हणून एवढ्या लांब नेलं, तो डोंगर ५,८९५ मीटरचा, पण आम्ही होतो तेव्हा पूर्णवेळ ढगात. पहाटे उघडतो म्हणे बऱ्याचदा. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बॅगा भरत होतो ना.

खरी गंमत तर पुढेच. मारा नदीवर आम्ही पोचलो तर पलीकडच्या काठावर विल्डबीस्टचा, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या त्या मोठ्या आफ्रिकन हरणांचा, हा एवढा मोठा कळप, मधे मधे झेब्रे, सगळे पाण्याकडे बघत उभे. एक झेब्रा उतरायचा, गुडघ्यापर्यंत पाण्यात यायचा, थांबायचा, कान हलवायचा आणि एकदम उलटा पळायचा, की मागचे सगळे धुरळा उडवत मागे. पाच मिनिटांनी परत तेच. असं दीड तास चाललं. आमच्या ड्रायव्हरला त्या दिवशी नाकुरू गाठायचं होतं, तो बिचारा सारखं घड्याळ बघत होता, शेवटी म्हणाला निघायला पाहिजे. निघालो. संध्याकाळी लॉजवर दुसऱ्या एका गाडीतल्या लोकांनी व्हिडिओ दाखवला, आम्ही निघाल्यावर चाळीस मिनिटांत अख्खा कळप पार झाला होता. मी तो व्हिडिओ बघताना चेहरा हसरा ठेवला होता एवढंच सांगते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की दिसणार भरपूर आहे, त्याची काळजीच सोडा. ताडोबात आपण बांबूच्या दाट झाडीत एका वाघासाठी कान टवकारून बसतो, चितळाचा कॉल आला की सगळ्या जिप्सी तिकडे पळतात, कधी दिसतो कधी नाही. मारामध्ये तसं नाहीये. तिथं मोकळं गवताळ माळरान आहे, लांबपर्यंत नजर जाते, गेटमधून आत गेल्यावर पहिल्या तासाभरात जिराफ, झेब्रा, हत्ती, टोपी नावाचं ते वारुळावर चढून पहारा देणारं हरीण हे सगळं बहुतेक दिसून जातं आणि सिंह तर वर्षभर तिथंच राहतात, ते कुठं जात नाहीत. पैसे वाया जातात ते जनावर न दिसल्यामुळे नाही, रस्त्यावर गेलेल्या तासांमुळे जातात, आणि तुमच्या एजंटचं पॅकेज मुळात रस्त्याचंच पॅकेज आहे.

आता त्याला सांगायचं काय? माझं ऐकाल तर अंबोसेली काढून टाका. वाईट वाटेल, हत्ती तिथले सुंदरच आहेत, पण ते नैरोबीच्या दक्षिणेला आणि बाकीची तीन ठिकाणं दुसऱ्या अंगाला, सहा रात्रींत ते बसत नाही. पहिल्या दोन रात्री नैवाशाला करा, नैरोबीहून साधारण ९० किलोमीटर आहे, दोनेक तासांत पोचता, तळ्यात बोटीतून पाणघोडे बघता येतात, आणि तिथूनच एक दिवस नाकुरूला जाऊन या कारण गेंडा बघायचा असेल तर नाकुरू चांगलं, मारामध्ये गेंडे फार थोडे आणि ते लपून असतात. मग उरलेल्या चारही रात्री मारा, एकाच कॅम्पवर. चार. तो म्हणेल मॅडम बोअर होईल, रोज तेच तेच. नाही होत.

का नाही होत ते सांगते. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा फक्त मारा केलं, जूनमध्ये. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला काही खास दिसलं नव्हतं, परतायला लागलो होतो, तर ड्रायव्हरने वाटेच्या कडेला एका बिळाजवळ गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. बिळाच्या तोंडाशी एक तरस आडवी पडलेली, चिखलाने माखलेली, एक डोळा उघडा. आपल्याकडे तरस म्हटलं की लोक नाक मुरडतात, मीही त्यातलीच. दोन मिनिटांनी आतून दोन काळीकुट्ट पिल्लं बाहेर आली, मांजराएवढी, आणि त्यातलं एक सरळ चालत आमच्या गाडीपाशी आलं, टायर हुंगला, मागचं ते रबराचं मडगार्ड चाटलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. आईने डोकंसुद्धा उचललं नाही. ड्रायव्हर हळूच म्हणाला, फिसी, म्हणजे तरस, आणि ह्यांच्या कळपात बायकांचा हुकूम चालतो, नरांचा नंबर सगळ्यात शेवटी. आमचे हे मागून म्हणाले, आमच्या घरीपण तसंच आहे. अर्धा तास बसलो तिथं. पहिल्या ट्रिपला असा अर्धा तास आमच्याकडे नव्हताच.

तर बिग फाइव्हच्या नादाला लागू नका. ते नाव शिकाऱ्यांनी दिलेलं आहे, सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही पाच जनावरं पायी फिरून मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याची म्हणून. चित्ता त्यात नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही. आणि "दाखवतोच" असं जो म्हणतो त्याच्याकडे जरा संशयाने बघा, बिबट्या त्याच्या घरचा आहे का?

आता महिना. ऑगस्ट का म्हणतोय तर मायग्रेशनसाठी, टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्ट गवताच्या मागे मागे वर येतात आणि जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, नदी ओलांडणं तेव्हाच बघायला मिळतं. पण त्याची किंमत आहे. २०२४ पासून मसाई मारा रिझर्व्हची फी परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर अशी झालीय (मुलांना कमी). तुम्ही मोठी माणसं तीन, माराचे दिवस समजा तीन धरले तरी नुसत्या फीमध्येच ९०० डॉलरचा फरक, म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास. वर कॅम्पचे रेटही त्याच महिन्यांत चढलेले असतात. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं असतं आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून कोटेशनमध्ये पार्क फी धरलीय का, किती दिवसांची, हे लेखी घ्या. बरेच जण इथंच फसतात, स्वस्त पॅकेज दिसतं आणि फी वेगळी निघते.

मला विचाराल तर जूनचा पहिला पंधरवडा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात म्हणजे मुलाची शाळा बुडत नाही, तिकडचा मार्च ते मे हा मोठा पाऊस संपत आलेला असतो, माळ हिरवागार, गाड्यांची गर्दी नाही, आणि फी १०० डॉलरवाली. तोटा एकच, गवत उंच असतं त्यामुळे गवतात झोपलेला सिंह पटकन दिसत नाही, आणि नदीचं ते दृश्य नाही. मुलाला नदीच बघायची असेल, त्याशिवाय त्याचं समाधान होणार नसेल, तर मग ऑगस्टच ठेवा पण तरीही चार रात्री एका जागी, कारण नदीवर कळप कधी उतरेल हे कुणालाच सांगता येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र जाऊ नका, स्वस्त मिळेल, पण त्या काळ्या मातीत गाडी रुतली की मग काही खरं नाही.

आणि गाडीचं बघा. सगळ्यात आधी विचारायचं ते हे, लँड क्रूझर का व्हॅन? फक्त आमची का बाहेरचे लोक असणार? तुम्ही चौघं आहात तर पूर्ण गाडी आपलीच घ्या, हॉटेल एक पायरी खालचं चालेल पण गाडी आणि ड्रायव्हर चांगला पाहिजे. दर माणशी एक खिडकी हवीच. छत वर उचलतं, उभं राहून बघता येतं. कॅम्प गेटच्या आत आहे का बाहेर, बाहेर असेल तर गेटपासून किती मिनिटं, हेपण विचारा, कारण पहाटेची पहिली तासभर वेळ सोन्याची आणि ती तुम्ही गेटकडे जाण्यात घालवली तर काय उपयोग. ड्रायव्हर-गाइडकडे केपीएसजीएचा बॅज आहे का विचारा, ती तिथल्या गाइड लोकांची संघटना, परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे बॅज देते. सिल्व्हरवाला मिळाला तर नशीब समजा. टिप दिवसाच्या हिशोबाने देतात, ती शेवटच्या दिवशी पाकिटात घालून हातात द्या. डॉलरच्या नोटा नव्या न्या, जुन्या छापाच्या, फाटक्या-मळक्या नोटा तिकडे घेत नाहीत.

हो, रिझर्व्हच्या बाजूला मसाई लोकांच्या जमिनीवर कॉन्झर्व्हन्सी म्हणजे वेगळी राखीव रानं आहेत, मारा नॉर्थ, नाबोईशो वगैरे, तिथं गाड्या मोजक्याच सोडतात, रात्रीची सफारी असते, रस्ता सोडून गाडी नेता येते. भारीच असतं पण महाग आहे, पहिल्या ट्रिपला नसलं तरी चालतंय.

सासूबाईंचं. झेपेल, पण दोन गोष्टी आधी. एक म्हणजे यलो फीवरची लस. केनियाहून परत येताना आपलंच सरकार तुमच्याकडे लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड मागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, नेहमीच्या दवाखान्यात नाही, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त जपून असतात, अंड्याची ॲलर्जी असली तरी अडचण येते. म्हणून ॲडव्हान्स भरायच्या आधी सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी घेऊन. तेव्हाच चौघांच्या मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. दुसरं म्हणजे गुडघे. लँड क्रूझरची पायरी उंच असते, ड्रायव्हरला आधीच सांगितलं तर तो एक छोटं स्टूल ठेवतो. त्यांना मागच्या सीटवर बसवू नका, सगळे धक्के तिथं बसतात, मधल्या किंवा ड्रायव्हरच्या लगतच्या सीटवर बसवा, कमरेला उशी. नैवाशाहून मारापर्यंत चार-पाच तास लागतात, शेवटचा पट्टा खडबडीत, तिथले ड्रायव्हर हसत म्हणतात की हा फुकटचा आफ्रिकन मसाज. खर्चाचं जमत असेल तर परतीला माराहून नैरोबीच्या विल्सन विमानतळापर्यंत छोटं विमान आहे, तासाभराच्या आत पोचवतं. त्यात फक्त १५ किलो सामान आणि बॅग मऊ कापडी लागते, चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत.

बाथरूमचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणार, बायकांच्या मनात असतोच. गेटवर, काही पिकनिकच्या जागांवर सोय आहे. मधेच लागलं तर ड्रायव्हरला सांगायचं "टायर चेक करायचाय", तो समजतो, आधी आजूबाजूला नीट बघून मग मोकळ्या जागी गाडीच्या मागे उतरवतो. त्याने सांगितल्याशिवाय मात्र गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही.

तंबू म्हणजे तुम्ही समजताय तसा स्काउटचा तंबू नाही हो. आत पलंग, गाद्या, मागे पक्कं बाथरूम, गरम पाणी. कापडाची भिंत तेवढी खरी. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं त्यामुळे रात्री आवाज येतात, पाणघोडा बाहेर चरायला येतो तर त्याचा घूं घूं असा आवाज एखादा जाडा माणूस हसतोय तसा येतो, लांबून सिंह ऐकू येतो. जनावरं चेन उघडून आत येत नाहीत. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर चालायचं नाही, टॉर्च हलवली की आस्कारी म्हणजे पहारेकरी येतो आणि जेवायच्या जागेपर्यंत सोडतो. खरा चोर वेगळाच आहे. माकडं. मी बेसनाचे लाडू टेबलावर ठेवून चेन अर्धी उघडी टाकून आंघोळीला गेले, बाहेर आले तर डबा उघडा, एक साहेब समोरच्या झाडावर बसून दोन्ही हातांनी लाडू खातायत. चेन पूर्ण लावा आणि खाऊ कुलपात.

खायचे हाल होत नाहीत, व्हेज सगळीकडे मिळतं, केनियात गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि चहा तर आपल्यासारखाच दूध घालून उकळलेला, नावही चायच. सासूबाईंना ते फार आवडेल बघा, स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका.

बॅगेचं पटकन सांगते. खाकी, मातकट, फिकट हिरवे असे कपडे, पांढरा दुपारपर्यंत तांबडा होतो. आर्मी प्रिंट नको, आफ्रिकेतल्या काही देशांत सामान्य माणसाला ते घालायला बंदीच आहे. स्वेटर आणि कानटोपी नक्की, लोक आफ्रिका म्हणजे उकाडा समजून जातात आणि पहाटे कुडकुडतात, मारा आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. धुळीसाठी ओढणी. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नेऊ नका, २०१७ पासून केनियात बंदी आहे, दंड मोठा आहे, फराळ स्टीलच्या डब्यात आणि कापडी पिशव्यांत भरा, पाण्याच्या बाटल्याही स्टीलच्या, पार्कात एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिक चालत नाही. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर. दुर्बिणी दोन तरी न्या, ८x४२ वाली बरी, एक नेली तर बापलेकाची मारामारी ठरलेली. मुलाला मोठी लेन्स विकत घेऊन देऊ नका, भाड्याने मिळते, आणि घरून एक रिकामी जाड कापडाची पिशवी शिवून न्या, तिकडे तांदूळ किंवा राजमा विकत घेऊन भरायचा, खिडकीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही. राजमा जाताना ड्रायव्हरला देऊन टाकायचा.

व्हिसाच्या जागी आता ईटीए, म्हणजे निघण्याआधी घ्यायची प्रवासाची परवानगी, आहे, २०२४ च्या जानेवारीपासून, ऑनलाइन, चौघांचा वेगवेगळा काढावा लागतो. सरकारी साइटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट जास्तीचे पैसे उकळतात.

तर ताई, पहिला फोन सासूबाईंच्या डॉक्टरांना. दुसरा एजंटला, आणि त्याला एवढंच म्हणा की अंबोसेली काढ, मारा चार रात्री कर, गाडी पूर्ण आमची, जूनचे रेट पाठव. तो जर म्हणाला की मॅडम आमचं पॅकेज फिक्स असतं, तर दुसरा एजंट बघा.